डोळे मिटल्यावर

घाटकोपरच्या हॉलमध्ये कराटेची फायनल होती आणि मुलुंडची गंधाली सकाळपासून घाबरलेली होती. समोर भांडुपची रेवती होती, गेल्या वर्षीची चॅम्पियन.

"डोळे मिट आणि स्वतःला जिंकताना बघ," असं तिचे कोच प्रीतम सर आठवडाभर सांगत होते. गंधाली रोज डोळे मिटायची आणि रोज एकच बघायची. रेवतीची लाथ छातीवर बसतेय आणि आपण मॅटवर आडवे. सरांनी विचारलं की मात्र "दिसतंय ना सर" म्हणून मोकळी व्हायची.

मॅच सुरू झाली. रेवती अंगावर आली तशी गंधालीने घाबरून डोळे गच्च मिटले आणि पाय नुसता पुढे फेकला. धप्पकन आवाज झाला. डोळे उघडून बघते तर रेवती मॅटवर उताणी पडलेली, हलतही नव्हती. गंधाली धावत तिच्याजवळ जाऊन बसली.

"लागलं का गं? बोल ना काहीतरी."



रेवती छताकडे बघत हळूच म्हणाली, "आमचे सर पण डोळे मिटायला लावायचे. मला रोज हेच दिसायचं."