अकरा तेहतीस ते अकरा पंचावन्न

८.४० – भाषा

भिक्षूने लाकडावर टोला दिला आणि देगू शहराच्या डोंगरावरच्या मंदिरात दीडशे आया एकदम खाली वाकल्या. त्याच मिनिटाला खाली शहरात पेपर वाटले गेले. विद्यापीठाची प्रवेश परीक्षा वर्षातून एकदा, एकाच दिवशी. मुलं लिहितात तोवर आयांनी नमस्कार घालायचे. मुलांना सुटी झाली की आयांनाही सुटी.

हारिमच्या आईशेजारी दोह्यनची आई होती. परीक्षेआधीच्या शंभर दिवसांच्या प्रार्थनेतली ओळख. तिचं इथे तिसरं वर्ष, कारण दोह्यनचंही परीक्षेचं तिसरंच.

"गुडघे आत्ताच मोडून घेऊ नकोस," ती पुटपुटली. "गणिताला शंभर मिनिटं असतात."

१०.३० – गणित

कपाळ गादीला. उठायचं. कपाळ गादीला.

हारिमची आई पहाटे तीनला उठून डबा करायला लागली होती. गेली तीन वर्षं ती मुलीच्या आधी एकदाही झोपली नव्हती. तीनशे बाराव्या नमस्काराला तिने घड्याळ पाहिलं: अकरा तेहतीस. मग कपाळ टेकलं. गादी गार होती.

पाठीत कुणीतरी गुद्दा मारला.

"हारिमची आई! अगं, घोरतेस काय!"

अकरा पंचावन्न.

१२.१० – जेवण

सगळ्यांनी डबे उघडले. ती एकटीच वाकत होती, उठत होती.

"पेपर गोळा झाले," दोह्यनची आई तोंडात घास ठेवून म्हणाली. "आता हे कुणाला पोचणार?"

"बावीस मिनिटं गेली."

"कुणाची?"

"अवघड गणितं शेवटीच असतात."

दोह्यनची आई चावायची थांबली. "पहिल्या वर्षी मी शिंकलेसुद्धा नव्हते," ती म्हणाली. "ये, जेवून घे."

१.१० – इंग्रजी

सुरुवातीला मुलांना ऐकून उत्तरं द्यायची होती, म्हणून देशभर विमानंही उतरायची थांबली होती. मंदिरातले टोले थांबले. हारिमची आई खोकला गिळून बसली.

२.५० – इतिहास वगैरे

ती झोपली नाही.

५.२० – शाळेचं फाटक

गर्दी ओसरली होती. हारिम फुटपाथच्या कडेला बसली होती, बॅग मांडीवर.

"गणित घालवलं मी," ती म्हणाली. "शेवटची चार सोडवलीच नाहीत."

"किती वाजता?"

"काय किती वाजता?"

"साडेअकरानंतरच ना?"

"असेल. का?"

आई तिच्यासमोर उकिडवी बसली. ती सांगू लागली ते हळू आवाजात, पण न अडखळता. टॅक्सीत तिने ते तीनदा मनात म्हणून पाहिलं होतं. "मला झोप लागली. अकरा तेहतीस ते अकरा पंचावन्न. तुझी काही चूक नाही, माझी आहे. बाबांनाही मी हेच सांगणार आहे. तुला कुणी एक शब्द बोलणार नाही."

हारिम तिच्या कपाळाकडे बघत राहिली. तिथे गादीच्या विणीचे वळ उठले होते.

"ती चार गणितं मी सोडलीत, आई."

"अगं, पण मी जर जागी असते..."

"मी सोडलीत. मला येत नव्हती." ती उठली. "तेवढं तरी माझं असू दे."

सवयीने आईने बॅग घ्यायला हात पुढे केला. हारिमने बॅग पलीकडच्या खांद्यावर घेतली आणि चालू लागली.