लाल दिवा

नवसाबाईंच्या बोटाला शाई लागली, मी त्यांच्या मतासाठी मशीन खुलं करणारं बटण दाबलं, लाल दिवा पेटला. मत द्यायला पुठ्ठ्याआड जाण्याऐवजी त्या माझ्यासमोरच उभ्या राहिल्या. “गुरुजी, आजवर दीर सांगल तिथं शिक्का मारला. आता मला यातला एकबी नको. तसं लिवा.” वीस वर्षं चांदवड-देवळालीला निवडणुकीच्या ड्युट्या केल्या, हे कुणी मागितलं नव्हतं. ‘नोटा’चं बटण तेव्हा आलेलं नव्हतं, पण आयोगाच्या पुस्तिकेत नियम सापडला. मी रजिस्टरात नकाराचा शेरा लिहिला, त्यांनी अंगठा उठवला. दिवा काही विझेना. कुणीतरी मत दिल्याशिवाय विझणारच नव्हता. पुन्हा पुस्तिका चाळली: बटण पुन्हा न दाबता पुढच्या मतदाराला सरळ आत पाठवा. रांगेत पुढचा त्यांचा दीरच होता. तो आत गेला, मशीन वाजलं, दिवा विझला. नवसाबाई दारातून परतल्या. “गुरुजी, बटन तर माझ्यासाठी दाबलं व्हतं ना? मग त्यानं दिलं ते कुणाचं?” मी तिसऱ्यांदा पुस्तिका उघडली.