दोन नोंदी

शेवटी मुलाचं नाव तिच्याच टेबलावर आलं.

यंदाची जनगणना दारोदार फिरून नव्हती. तेवढा खर्च कोण करणार? त्यापेक्षा सरकारी दप्तरांत आधीच पडून असलेल्या नोंदी जुळवायच्या. वर्षभरात दोन कार्यालयांत नाव सापडलं, तर माणूस आहे. नाही तर नाव कमी करायचं. संपला विषय.

हा नियम कळला त्या दिवशी तिने घरी नवऱ्याला सांगितलं होतं, "आपल्या पोराचं नाव माझ्याच हातून जाणार बघा."

तो पेपर वाचत होता. "बरं," एवढंच म्हणाला.

सहा वर्षांपूर्वी बाप-लेकाचं कडाक्याचं वाजलं होतं. 'पुन्हा तोंड दाखवू नकोस,' असं बाप म्हणाला आणि पोरानं ते खरं करून दाखवलं. तेव्हापासून नवरा-बायकोत कामापुरतं बोलणं. रडू तर तिला केव्हाच येईनासं झालं होतं.

तिने यादी उघडली. पहिली नोंद सरकारी वाचनालयाची, नवं कार्ड. दुसरी सरकारी दवाखान्याची. उजवीकडची खालची दाढ काढली. तारीख गेल्या सोमवारची.

ती नुसती बघत बसली. मग नावापुढे 'आहे' अशी खूण केली.

"बरं वाटत नाही का हो?" शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारलं.

"छे, काही नाही."

संध्याकाळी नवऱ्याने भात गिचका शिजवून ठेवला होता. आठवडाभर हेच चाललं होतं. पोट बिघडलंय म्हणे.

"सापडला," पानावर बसता बसता ती म्हणाली. "याच शहरात आहे."

तो घास हातात धरून थांबला. "बरं झालं. आता पोटभर जेव."

"उद्या दवाखान्यात जाऊन पत्ता विचारते."

"घाई नको करूस. येईल आपणहून."

"आला तर घरात घ्याल?"

"पाय धरीन त्याचे."

सहा वर्षांनी काहीतरी हलक्यासारखं वाटत होतं. "दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की पलंगाखाली लपायचं ते ध्यान," ती म्हणाली, "आणि आता एकटं जाऊन दाढ काढून आलं!"

ते ऐकून नवऱ्याला हसू फुटलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तो तोंड भरून हसला.

उजवीकडे, खाली, एका दाढेची जागा रिकामी होती.