त्रेचाळीस नंबरचा लॉकर

मेलबर्नच्या त्या फुटबॉल क्लबात शंभर सामने खेळलेल्याचंच नाव लॉकरच्या दारावर रंगवत. त्रेचाळीस नंबरवर आजवर कुणाचंच नाव चढलं नव्हतं. तो नंबर घेऊन शंभरापर्यंत कुणी टिकलंच नव्हतं. कॅलम पहिल्या दिवशी आला, तेव्हा क्लबाचं सामान सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या मर्वने दारावर पुठ्ठा ठोकून त्याचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं.

"पेन्सिलच बरी पोरा, खोडायला सोपी."

नऊ वर्षांत कॅलमच्या गुडघ्याचं लिगामेंट दोनदा फाटलं, संघातून तीनदा नाव गेलं. दर वेळी मर्वचा टोमणा ठरलेला, "काय रे, खोडरबर आणू?"

आज कॅलमचा शंभरावा सामना संघाने त्याच्याच शेवटच्या गोलवर जिंकला. सोबत्यांनी त्याला खांद्यावर बसवून आत आणलं.

"आता तरी रंगाचा डबा काढ, म्हाताऱ्या!" तो लॉकरपाशी उतरत ओरडला.

मर्वने खिळे उपसले. पुठ्ठा खाली पडला. दारावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत नाव होतं: कॅलम ट्रेवेन.

कॅलमचा हात पुढे गेला आणि अडखळला. रंग ओला असला तर?

"लाव खुशाल हात," मर्व म्हणाला. "नऊ वर्षांपूर्वीच वाळलाय."