वीराचं नाव

भाषण संपल्यावर आरोही नावाच्या विद्यार्थिनीनं प्रश्न विचारला आणि पहिल्या रांगेत बसलेल्या अक्कांनी माईकपुढं उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

प्रश्न साधाच होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्रजी कवितेतले इतके वीर सरांनी सांगितले, शोधाला निघालेले. त्यांतला सगळ्यात मोठा त्यांना कोण वाटतो? दुसरं काहीही विचारलं असतं तर रुद्रप्पा सरांनी अडखळत का होईना उत्तर दिलं असतं. पण हिनं नाव विचारलं होतं. आणि माणसांची नावं सरांच्या तोंडी अजून येत नव्हती. पोटच्या मुलाचंसुद्धा नाही.

गेल्या साली सरांना अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. घरात कन्नड, पेठेत मराठी, वर्गात इंग्रजी असं जन्मभर बोललेला हा माणूस. तिन्ही भाषा एका सकाळी गेल्या. समजायचं सगळं, पण पाणी मागायला शब्द मिळायचा नाही. डॉक्टर म्हणाले, त्यांच्या आवडीचं काहीतरी वाचून दाखवत जा.

सरांच्या आवडीच्या म्हणजे त्या इंग्रजी कविता. अक्कांचं शिक्षण अक्कलकोटकडच्या कन्नड शाळेत, तेही सातवीपर्यंत. त्यांनी नातीच्या अंकलिपीवरून इंग्रजी अक्षरं पक्की केली आणि रोज दुपारी अक्षराला अक्षर जोडत सरांपुढं वाचायला बसल्या. अर्थ कळत नव्हता. सरदाराला इंग्रजीत ‘नाइट’ म्हणतात, पण लिहिताना त्याच्यापुढं एक मुका ‘क’ असतो. अक्कांनी सरळ ‘क्नाइट’ वाचलं. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ओठ बराच वेळ नुसतेच हलले, आणि मग ते म्हणाले, “नाइट.”

आजारानंतरचा तो पहिला स्वच्छ शब्द. अक्कांनी पुन्हा ‘क्नाइट’ वाचलं. सरांनी पुन्हा सुधारलं. तेव्हापासून अक्का मुद्दाम चुकू लागल्या.

अशा चुका करत करत त्यांनी सरांची निम्मीअधिक वाचा परत आणली होती. सरांची जुनी विद्यार्थिनी अक्षता आता सरांच्याच जुन्या कॉलेजात शिकवायची. ती भेटायला आली, सरांची दोन-चार वाक्यं ऐकून तिचे डोळे भरले, आणि तिनं भाषणाचं आमंत्रण देऊन टाकलं. मुलगा महेश्वर पुण्याहून फोनवर नको म्हणाला. लोकांसमोर बाबांचं हसं होईल, अशी त्याला भीती. सर एवढंच म्हणाले, “जाणार.” अक्कांनी पांढऱ्या सदऱ्याला इस्त्री केली.

आणि सर खरंच बोलले. एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसे बोलले. मध्येच कन्नड शब्द यायचा, मुलं हसायची, सरही हसायचे. त्यांनी सांगितलं, त्या काळचं इंग्लंड म्हणजे आपल्या जुन्या सोलापूरसारखं. गिरण्या, भोंगे, चिमण्यांचा धूर. आणि त्या धुरात बसून कवी मात्र घोड्यावरच्या सरदारांची गाणी लिहीत होते. का? कारण तलवारीचे दिवस संपल्यावर शौर्य म्हणजे काय, हे त्यांना कळेनासं झालं होतं. त्यांचे वीर म्हातारे असतात, सोबती गेलेले असतात, पुढं काय आहे ते ठाऊक नसतं. पुष्कळदा कविता संपते तरी ते पोचल्याचं कळत नाही. “पोचणं... मोठं न्हाय,” सर म्हणाले होते. “मागं न फिरणं... मोठं.” मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तिथंच थांबलं असतं तर किती बरं झालं असतं, असं आता अक्कांना वाटत होतं.

सर माईकचा दांडा धरून उभे होते. ओठ हलत होते. अक्षतानं हळूच एका सरदाराचं नाव सुचवलं. सरांनी मान हलवली. तिनं दुसरं सांगितलं, मग एका राजाचं. सर मान हलवतच राहिले. त्यांच्या मानेवरची शीर फुगली. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी मोबाईल वर धरला. तास संपल्याची घंटा झाली तशी अक्षता उठली. आभार मानून ती सरांची सुटका करणार होती.

अक्कांनी तिचं मनगट धरलं.

“बस गं,” त्या म्हणाल्या. “सापडंल त्यांना.”

आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. अक्षता बसली. मोबाईल खाली गेला. दाराशी गेलेली मुलं तिथंच उभी राहिली. सभागृहात नुसते पंखे फिरत होते, आणि सर शोधत होते. अक्कांनी त्यांच्यावरची नजर काढली नाही. रोज दुपारी बघायच्या तशाच बघत राहिल्या, घाई नसल्यासारख्या.

सरांनी डोळे मिटले. ओठ एकदा जुळले, सुटले, पुन्हा जुळले. मग त्यांनी डोळे उघडले आणि एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, “दा... क्षा... यणी.”

मुलं एकमेकांकडे बघू लागली. वह्या चाळल्या गेल्या. असा सरदार कुणाच्याच अभ्यासात नव्हता. अक्षताही गोंधळून सरांकडे बघत राहिली.

सासरी आल्यापासून त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती. अक्का नकळत उभ्या राहिल्या.