घरटी एक माणूस

"बाई, टेम्पो सुरू करू काय?" धोंडूने पुन्हा विचारलं.

"थांब रे. येतील," सगुणाबाई म्हणाल्या. पण वाडीच्या रस्त्यावर कुणाचीच चाहूल नव्हती.

सकाळी त्यांनीच निरोप फिरवला होता. घरटी एक माणूस, रत्नागिरीला, पोलिसांच्या मोठ्या साहेबांकडे. मैमुनाच्या मुलाला, रेहानला, काल नाक्यावर पोलिसाने काठीने मारलं होतं. हात मोडला होता. वर, पोलिसाच्या अंगावर धावून गेला म्हणून संध्याकाळपर्यंत त्याच्यावरच गुन्हा दाखल होणार होता.

शिमग्याआधी दर्शनने याच नाक्यावर, याच पोलिसाचा मार खाल्ला होता. तेव्हा असाच निरोप फिरला आणि टेम्पोत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. एवढी माणसं बघून साहेब खुर्चीतून उठले होते. त्याच रात्री दर्शन सुटून स्वतःच्या घरी जेवला होता.

सगुणाबाई त्याच्याच अंगणात गेल्या. त्याची आई अक्षया कुळीथ पाखडत होती.

"काय गो, चल ना."

"बाई, दर्शनचं वेगळं होतं."

"काय वेगळं? नाका तोच, पोलीस तोच, काठी तीच."

"तसं नाय. पण पोलीस उगाच कशाला मारतील? त्याने कायतरी केलंच असेल."

"हेल्मेट घातलं नव्हतं. तुझ्या दर्शनने घातलं होतं?"

अक्षयाने सूप जोरात आपटलं. कुळीथ अंगणभर झाले.

समोरच्या दुकानाच्या फळीवरून सदू ओरडला, "बाई, तुम्ही कशाला उन्हात फिरताय? त्यांची माणसं आहेत की त्यांना!"

"मेल्या, दर्शनच्या वेळी मैमुना आली होती. तेव्हा ती कुणाची माणूस होती?"

"तेव्हा गर्दीत कोण बघतंय!"

फळीवरची माणसं हसली. मग हसू आवरून रस्त्याकडे बघत बसली. उठलं कुणीच नाही. या सदूला 'ळ' काढता येईना, तेव्हा बाईंनी महिनाभर त्याचा हात धरून पाटीवर गिरवून घेतला होता. एकदाही आवाज चढवला नव्हता.

"शाळेत घातलं तुम्हाला, तेच चुकलं!" त्या ओरडल्या. आपलाच आवाज त्यांना ओळखू आला नाही.

त्या तरातरा टेम्पोशी आल्या. "चल रे धोंडू."

"दोघीच?"

"दोघीच."

आत मैमुना बाकड्याच्या अगदी टोकाला, अंग चोरून बसली होती. मागच्या वेळी त्या दाटीत तिला तेवढीच जागा मिळाली होती. आज अख्खं बाकडं रिकामं होतं.

"नीट बस गो मैमुना. जागा आहे."

"राहू दे बाई," मैमुना म्हणाली. "वाटेत कोण चढलं तर?"