मधोमध

“नको,” तिनं पुन्हा सांगितलं आणि पलंगाचा दांडा घट्ट धरला. कळ आली, कंबर पिळवटून मांड्यांत उतरली आणि ओसरली. सिस्टरनं तिचा घाम पुसला आणि पाठीतल्या सुईचा विषय तेवढ्यापुरता सोडून दिला.

विषय निघाला होता सातव्या महिन्यातच. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं. वजन जास्त असलं की मणक्यांमधली फट सापडायला वेळ लागतो, म्हणून सुई घ्यायची तर लवकर घेतलेली बरी, असं त्यांनी समजावलं. सुईतून एक बारीक नळी पाठीत ठेवतात, तिच्यातून औषध देऊन कळा बोथट करता येतात. आयत्या वेळी सिझर करायची पाळी आली तर बहुतेक वेळा त्याच नळीतून भूल देता येते. पूर्ण झोपवावं लागत नाही, आणि जड अंगाच्या बाईला घाईघाईत झोपवणं जास्त जोखमीचं. सुई नको असेल तर हुंगायचा वायू आहे, इंजेक्शन आहे. ठरवायचं तुम्ही, असंही त्या म्हणाल्या. पण सोबत आलेली नणंद मध्येच त्यांना सांगू लागली, की आम्ही हिला केव्हापासून म्हणतोय, जरा कमी खा. त्यापुढचं काही तिच्या कानांत शिरलं नाही. तिनं मानेनंच नको म्हटलं आणि अंग चोरून बसून राहिली.

तशी तिला सवय होती. लहानपणी शिंपी माप घ्यायचा तिचं आणि बोलायचा आईशी. पुढे दवाखान्यात डॉक्टर नवऱ्याशी बोलायचे. तिच्या अंगाबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं आणि ते सगळं तिच्या डोक्यावरून इकडून तिकडे जायचं. बस स्थानकावरची घोषणा करायची नोकरी तिनं आवडीनं धरली होती ती यामुळेच. बंद खोली, समोर माइक. अर्ध्या गावाला तिचा आवाज पाठ होता आणि चेहरा कोणालाच ठाऊक नव्हता.

नवरा जिवाला जीव देणारा होता, पण जहाजावर स्वयंपाकी. जहाज भर समुद्रात होतं आणि फोन लागत नव्हता. सकाळी कळा सुरू झाल्या तेव्हा तिनं नणंदेला कळवलंच नाही. टॅक्सी बोलावली आणि पिशवी घेऊन एकटीच आली. उघड्या पाठीवर परकी बोटं हाडं चाचपताहेत, ती सापडत नाहीत आणि मागे कोणीतरी उसासा टाकतंय, हे तिला नको होतं. त्यापेक्षा कळा परवडल्या.

दुपार कलली तशा त्या परवडेनाशा झाल्या. वायूनं नुसतं मळमळलं. पलीकडच्या खोलीत कोणाची तरी आई लेकीची पाठ चोळत होती, मध्येच दोघी हसायच्या. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. तिनं उशी कानावर घेतली.

डॉक्टरबाई आल्या त्या स्टूल ओढून शेजारीच बसल्या. सुई घ्यायची तर अजून वेळ आहे, पण फार नाही, एवढंच म्हणाल्या. नको म्हणालात तरी मी रागावणार नाही, पण मनात काय आहे ते सांगा.

“तुम्हाला सापडणार नाही,” ती भिंतीकडे बघत म्हणाली.

“मला एकटीला नाहीच सापडायचं. सुई डावीकडे टोचतेय की उजवीकडे, ते तुम्ही सांगायचं. तुमच्याशिवाय कोणाला कळणार?”

ती वळून बघत राहिली. तिच्या अंगातलं काही तिला विचारणारं माणूस तिला आजवर भेटलं नव्हतं. पुढची कळ येऊन गेली, आणि ती हळूच म्हणाली, “करा.”

तिला पलंगाच्या कडेला बसवलं. उशी कवटाळून ती पुढे वाकली, सिस्टरनं समोरून खांदे धरले. पाठीवर गार औषध फिरलं. पहिल्यांदा सुई हाडाला लागली. ती सॉरी म्हणाली, तर मागून डॉक्टरबाई म्हणाल्या, की चुकली माझी सुई आणि सॉरी तुम्ही कशाला म्हणताय. मग विचारलं, आता कुठे?

“उजवीकडे,” ती म्हणाली. सुई जरा डावीकडे सरकली. “अजूनही थोडी उजवीकडेच टोचतेय.” आवाज माइकसमोर निघतो तसा निघाला, स्वच्छ आणि ठाम. “आता मधोमध.”

नळी बसली. थोड्या वेळानं कळ आली ती दूरवरच्या गाडीसारखी, धडधड जाणवली पण अंगावर आली नाही. तिला डुलकी लागली.

संध्याकाळच्या सुमाराला बाळाचे ठोके मंदावले आणि वर यायचं नाव घेईनात. खोलीत एकदम माणसं वाढली. तिला भराभर ऑपरेशनच्या खोलीत नेलं. डॉक्टरबाईंनी त्याच नळीतून आणखी औषध सोडलं आणि भूल कुठवर चढली ते बघायला बर्फ लावून कुठवर गार लागतंय ते तिलाच विचारलं. समोर हिरवा पडदा होता. पोटात कोणीतरी पिशवीत हात घालून शोधल्यासारखं ओढलं गेलं. मग एक बारीक, चिडका आवाज फुटला.

सिस्टर बाळाला दुपट्यात गुंडाळून घाईनं दाराकडे निघाली. तिकडून तिनं आपल्या नेहमीच्या सवयीनं विचारलं, की बाहेर यांचं कोण आहे, मुलगा की मुलगी कोणाला सांगायचं?

“मला सांगा,” पडद्याआडून ती म्हणाली. “मी जागी आहे.”